फुटबॉलपटूंची आत्मचरित्रं: पणाला काय लागलंय?

फुटबॉलपटूंची आत्मचरित्रं वाचण्यात अर्थ आहे का? हा प्रश्न बडनेऱ्यात विचारला तर उत्तराऐवजी उलटा प्रश्न येतो: "त्यानं सोता लेहलं हाय काय ते?" शनिवारी रात्री फोनवर प्रीमियर लीग बघणारी, हालांडचे गोल पाठ असणारी पोरं असं विचारतात आणि त्यांचा संशय रास्त आहे. वेन रूनीनं 2006 साली पाच पुस्तकांचा करार केला तेव्हा तो वीस वर्षांचा होता. विसाव्या वर्षी माणसाकडे पाच पुस्तकं भरतील एवढं आयुष्य नसतं. प्रकाशकाला आयुष्य नको होतं, नाव हवं होतं.

तरीही हा संशय आपल्याला फार लांब नेत नाही. हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका' घ्या. त्यांनी सांगितलं, अरुण साधूंनी शब्दांकन केलं, आधी ते 'माणूस'मध्ये आलं आणि 1970 साली त्याचं पुस्तक झालं. पुढे त्यावरून श्याम बेनेगलांनी 'भूमिका' काढला. लेखणी दुसऱ्याच्या हातात होती म्हणून ते पुस्तक खोटं आहे असं मराठी वाचकाला कधी वाटलं नाही. एका नटीनं आपलं लग्न, आपली दारू, आपली फरफट भर चौकात मांडली. त्यात तिची अब्रू जाण्याची शक्यता होती आणि तिला ती ठाऊक होती.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. अमेरिकन लेखक डेव्हिड फॉस्टर वॉलेसनं टेनिसपटू ट्रेसी ऑस्टिनच्या आत्मचरित्रावर लिहिताना असा विचार मांडला, की ऐन क्षणी डोक्यात काहीच न येणं हीच कदाचित मोठ्या खेळाडूची देणगी असते, मग तो आपल्याला सांगणार काय? आपल्याकडे पैलवानाला धोबीपछाड कसा मारला विचारा. तो उठून करून दाखवेल, सांगणार नाही. हे पटतं. पण गोल कसा मारला हे बघायला यूट्यूब आहेच. पुस्तकानं वेगळं काम करायचं असतं. गुडघा सुजलेला असताना डॉक्टरला काय सांगितलं, जुना मित्र संघातून वगळला गेला तेव्हा आपण गप्प का बसलो, हे कॅमेऱ्याला दिसत नाही. त्यासाठी प्रतिभा लागत नाही, सांगायची तयारी लागते.

म्हणून पुस्तक कोणी लिहिलं आणि खेळाडू किती मोठा, यापेक्षा मला एकच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. सांगणाऱ्यानं पणाला काय लावलंय, आणि ते स्वतःचं आहे की दुसऱ्याचं?

सचिन तेंडुलकरचं आत्मचरित्र 2014 साली आलं. ग्रेग चॅपेलबद्दल त्यात स्पष्ट बोललंय, आणि चॅपेलनं ते नाकारलं. पण 2000 साली सामना निश्चितीच्या प्रकरणानं भारतीय क्रिकेट हादरलं, त्याबद्दल पुस्तकात जवळजवळ काहीच नाही. पूर्ण माहिती नसताना बोलायचं नाही, ही भूमिका समजण्यासारखी आहे. वाचकाच्या हाती मात्र एवढंच येतं, की जिथे बोलण्याची किंमत दुसऱ्यानं मोजायची होती तिथे आवाज मोकळा आहे, आणि जिथे स्वतःच्या ड्रेसिंग रूमकडे बघायचं होतं तिथे पान मिटलंय.

आता रॉय कीन. एप्रिल 2001 मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या या कर्णधारानं मँचेस्टर सिटीच्या आल्फ-इंगे हालांडच्या गुडघ्यावर लाथ घातली. आजच्या एर्लिंग हालांडचे हे वडील. रेड कार्ड मिळालं, शिक्षा झाली, विषय संपला. पुढच्या वर्षी कीनचं आत्मचरित्र आलं. 1997 साली लीड्सविरुद्ध खेळताना कीनचा गुडघा गेला, तेव्हा हा नाटक करतोय असं हालांड त्याच्या अंगावर ओरडला होता. तो जुना हिशेब चुकता केला, असा पुस्तकातल्या मजकुराचा अर्थ लावला गेला. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं पुन्हा चौकशी लावून पाच सामन्यांची बंदी आणि दीड लाख पौंडांचा दंड केला. सुनावणीत पुस्तकाचा शब्दांकनकार, पत्रकार एमन डनफी, म्हणाला की ते शब्द माझे होते. तरी दंड कीननंच भरला.

बडनेऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडतं. मुखपृष्ठावर ज्याचं नाव, जबाबदारी त्याची.

पण प्रश्न इथे संपत नाही. कीन खरं बोलला आणि त्याची शिक्षाही भोगली, मग हे धाडसाचं पुस्तक म्हणायचं का? मला तसं म्हणवत नाही. त्या मजकुरात हालांड माणूस म्हणून येतच नाही, वसूल करायची उधारी म्हणून येतो. प्रांजळपणा आणि पश्चात्ताप या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. 'मी असाच आहे' हे छाती फुगवूनही सांगता येतं. गावात असे पुष्कळ भेटतात, जे तोंडावर खरं बोलण्याचा अभिमान बाळगतात आणि ते खरं नेहमी दुसऱ्याबद्दलचं असतं.

याच्या शेजारी टोनी ॲडम्सचं 'ॲडिक्टेड' ठेवून बघा. आर्सेनलचा हा कर्णधार दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल 1990 साली तुरुंगात गेला. 1996 साली त्यानं आपण दारूच्या आहारी गेल्याचं जाहीर सांगितलं आणि 1998 साली पत्रकार इयन रिडलीच्या मदतीनं पुस्तक काढलं. तेव्हा तो निवृत्त झालेला नव्हता, त्याच संघासोबत रोज मैदानात उतरत होता. 2000 साली त्यानं व्यसनाशी झगडणाऱ्या खेळाडूंसाठी स्पोर्टिंग चान्स क्लिनिक सुरू केलं. सांगण्यातून नुसती खपाची बातमी झाली नाही, दुसऱ्या कोणाला दार उघडून मिळालं.

मराठी वाचकाला ही कसोटी नवी नाही. 1978 साली दया पवारांचं 'बलुतं' आलं, 1980 साली लक्ष्मण मान्यांचं 'उपरा'. त्यांच्याकडे ना चषक होते ना चाहते. होतं ते लपवावं असं समाजानं शिकवलेलं आयुष्य, आणि त्यांनी ते लपवलं नाही. अशी पुस्तकं वाचून वाढलेल्या भाषेला खेळाडूकडून थोडी जास्त अपेक्षा ठेवायचा हक्क आहे.

मात्र एक गोष्ट खटकते. बाजार फक्त जिंकणाऱ्याला विचारतो. बडनेऱ्याहून अमरावती हाकेच्या अंतरावर. तिथल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं, 1914 साली सुरू झालेल्या संस्थेचं पथक 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं. वऱ्हाडातून निघालेली माणसं हिटलरच्या राजधानीत उभी होती. त्यांना तिथे काय दिसलं, कशाची भीती वाटली, परत आल्यावर घरी काय सांगितलं? त्यांच्यापैकी एकाचं तरी नाव आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकीहून कुस्तीचं कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक पदक. पुढे पोलीस खात्यात नोकरी केली, 1984 साली अपघातात गेले, अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला. त्यांची गोष्ट आपल्यापर्यंत आली ती मुख्यतः इतरांच्या तोंडून. नागपूरच्या झोपडपट्टीतल्या पोरांना विजय बारसेंनी फुटबॉल दिला, ती गोष्टही घरोघरी पोचली ती 2022 साली नागराज मंजुळेंचा 'झुंड' आला तेव्हा.

तेव्हा फुटबॉलपटूंची आत्मचरित्रं वाचावीत का? वाचावीत, पण विश्वचषकाचं प्रकरण आधी उघडू नये. तो बाकावर बसून होता ते दिवस शोधावेत, ज्याच्याशी तो वाईट वागला त्या माणसाला किती ओळी दिल्यात ते बघावं. तिथे काही नसेल तर पुस्तक खुशाल बाजूला ठेवावं. आणि आपल्या मैदानावर सकाळी शिट्टी घेऊन उभे असणारे जे म्हातारे सर आहेत, त्यांच्याशेजारी एक दिवस बसून फोनचं रेकॉर्डिंग चालू करावं. त्यांना विचारून, आणि ते मधेच थांबले तर थांबू देऊन.