सिंहाची शिकार, पाहुण्याचे ताट

मांस, मासे व अंडी यांच्याबरोबर दूध, तूप आणि मधही वर्ज्य मानणारा व्हीगन प्रवासी केनियातील मासाई मारा किंवा टांझानियातील सेरेंगेटी येथे सफारीला जातो, तेव्हा पोटाची अडचण त्याला फारशी येत नाही. येते ती विचाराची. पूर्व आफ्रिकेचे रोजचे जेवण मुळातच त्याच्या सोयीचे आहे. मक्याचे पीठ उकळत्या पाण्यात घोटून केलेली घट्ट उगाली, कांदा-टोमॅटोवर परतलेली सुकुमा विकी ही पालेभाजी, मका आणि घेवडा एकत्र शिजवून होणारे गिथेरी, किनारपट्टीकडे नारळाच्या दुधात शिजणारा घेवडा, एवढ्यावर पोटभर आणि सकस जेवण होते. बी-१२ जीवनसत्त्व तेवढे गोळीतून घ्यावे लागते. अभयारण्यातील लॉजचा शिधा दूरच्या शहरांतून रस्त्याने येत असल्याने आपले पथ्य आधी कळवणे बरे. चहाचे मात्र जपावे लागते, कारण केनियात तो बहुधा दूध घालूनच उकळतात आणि ‘चाय या रंगी’ असे आधी सांगितले तरच कोरा मिळतो.

विचाराची अडचण अशी, की सकाळी चहातील दूध नाकारणारा हाच प्रवासी थोड्या वेळाने गाडीत दुर्बीण लावून, सिंहीण विल्डबीस्टवर केव्हा झेप घेते याची वाट पाहत बसतो. जैन आचारशास्त्राने गृहस्थासाठी केलेली हिंसेची विभागणी येथे उपयोगी पडते. ठरवून केलेली ती संकल्पी हिंसा, घरकामात घडणारी आरंभी, शेतीसारख्या व्यवसायात घडणारी उद्योगी आणि स्वसंरक्षणात घडणारी विरोधी. यांपैकी गृहस्थाने पूर्णपणे सोडावयाची ती केवळ पहिली. शिकारीत प्रवाशाचा संकल्प नसल्याने तो वरवर पाहता निर्दोष सुटतो. सिंहिणीला दुसरा आहारच नाही, तेव्हा तिलाही दोष नाही, असे आधुनिक मन सहज म्हणते. परंपरा मात्र इतकी सैल नाही, कारण महावीरांच्या पूर्वजन्मांच्या कथांत मुनींच्या उपदेशाने हिंसा सोडणारा सिंहही येतो. शिवाय हिंसा स्वतः करणे, दुसऱ्याकडून करविणे आणि करणाऱ्याला मनाने संमती देणे, म्हणजेच कृत, कारित आणि अनुमोदित, हे तिन्ही प्रकार जैन विचार दोषास्पद मानतो. शिकार दिसली नाही म्हणून हिरमुसणारा प्रवासी या तिसऱ्या प्रकाराच्या फार जवळ उभा असतो, आणि ही कसोटी चहाच्या कपापेक्षा कितीतरी कडक आहे.

याहून अवघड प्रश्न नांगराचा आहे. महाभारताच्या वनपर्वातील धर्मव्याध, म्हणजे मिथिलेत मांस विकणारा आणि तरीही धर्मज्ञ मानला गेलेला व्याध, कौशिक ब्राह्मणाला बजावतो की जमीन नांगरतानाही असंख्य जीव मरतात. माराच्या उत्तरेस असलेल्या लोइटाच्या पठारावर या युक्तिवादाचा पुरावाच उभा आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील गवताळ जमीन यंत्राने पिकवल्या जाणाऱ्या गव्हाखाली गेली, आणि त्या गवतावर वाढणाऱ्या विल्डबीस्टची संख्या झपाट्याने घटली. उलट, परंपरेने दूध, मांस आणि रक्तावर जगणाऱ्या मासाई गुराख्यांनी वन्य प्राणी सहसा खाल्ले नाहीत, आणि त्यांची गुरे त्याच कुरणांवर हरणांच्या शेजारी चरत आली. तरीही १९५९ मध्ये सेरेंगेटीतून हलवले गेले ते मासाईच. ताटातील चपातीत प्राण्याचा अंश नाही, एवढ्यावरून ती दुधाच्या पेल्यापेक्षा निष्पाप ठरत नाही.

तरीही धर्मव्याधाचा आधार घेऊन सर्वच आहार सारखा ठरवणे ही पळवाट होय. पर्याय उपलब्ध असताना जाणूनबुजून केलेली हिंसा आणि पिकाबरोबर न टळणारी हिंसा यांतील भेद टिकतोच. १९४४ मध्ये इंग्लंडात स्थापन झालेल्या व्हीगन सोसायटीची आजची व्याख्याही शक्य आणि व्यवहार्य असेल तेवढाच त्याग मागते. कोरड्या कुरणावर राहणाऱ्या मासाईला तो पर्याय फारसा नाही, शहरातून आलेल्या पाहुण्याला आहे. म्हणून पाहुण्याने दूध नाकारणे योग्य, आणि यजमानाच्या दुधाला नाव ठेवणे अयोग्य. माराच्या भोवतालच्या अनेक राखीव कुरणांत पर्यटनाच्या उत्पन्नातून मासाई जमीनमालकांना भाडे मिळते, त्या बदल्यात जमीन नांगराखाली आणि कुंपणाखाली जात नाही, आणि ठरलेल्या नियमांनुसार तेथे गुरेही चरतात. अशा ठिकाणी उतरणाऱ्या व्हीगन प्रवाशाचे पैसे, त्याला रुचो वा न रुचो, सिंहाच्या शिकारीबरोबर मासाईच्या गाईलाही पोसत असतात.