एकदा चाललो, म्हणून वारकरी?

मुक्ताईनगरहून निघणाऱ्या मुक्ताईच्या पालखीबरोबर मी दोन दिवस चाललो. पालखी बुलढाणा, जालना, बीड असा महिनाभराहून जास्त प्रवास करून आषाढीला पंढरपुरात पोहोचते. मी तिसऱ्या दिवशी एसटीनं जळगावला परतलो आणि फोटोखाली लिहिलं, ‘मी वारकरी’. लाइक्स भरपूर आले. धुळ्याच्या आत्यानं मात्र फोन करून एवढंच विचारलं, “पुढच्या वर्षी जाशील ना?”

मी गप्प बसलो. त्या शब्दाचा अर्थच तिनं विचारला होता.

यात्रेला निघालेला तो यात्रेकरू. घरी आला की त्याचं यात्रेकरूपण संपतं. वारी म्हणजे नेमानं, पुन्हा पुन्हा केलेली खेप. ती करणारा तो वारकरी. एकदा कापूस लावून कुणी शेतकरी होत नाही, तसंच हे. हज एकदा केली तरी ‘हाजी’ हे नाव जन्मभर लागतं. ‘वारकरी’ हे नाव मात्र टिकवावं लागतं.

पण नुसता नेम पुरतो का? चैत्रात धुळे-जळगावकडची हजारो माणसं रणरणत्या उन्हात सप्तशृंगीच्या गडावर पायी जातात. कित्येकजण दरवर्षी जातात. त्यांना आपण वारकरी म्हणत नाही. त्यांची भक्ती किंवा पायपीट कमी आहे म्हणून नव्हे. वारकरी हे एका पंथाचं नाव आहे आणि त्या पंथाची तुळशीची माळ घरी आल्यावर उतरवायची नसते. एकादशी करायची, मांस-दारू टाळायची, खरं बोलायचं, हे वर्षभर चालतं. रस्त्यावर सगळेच एकमेकांना ‘माऊली’ म्हणतात. दुकानात, शेताच्या बांधावर, भावकीच्या भांडणात तसं वागणं अवघड.

मग दरवर्षी वारी करून मापात पाप करणारा वारकरी का? आणि माझी आत्या? तिची माळ तशीच आहे, पण गुडघे गेल्यापासून तिची वारी चुकते. खेपा मोजल्या तर ती वारकरी उरत नाही. मला हे पटत नाही. वारी तिनं सोडलेली नाही, तिचं शरीर थकलंय. माझे पाय धडधाकट होते, तरी मी तिसऱ्या दिवशी परतलो.

फोटोखालचा शब्द मी बदलला. आता तिथं ‘यात्रेकरू’ आहे. त्यातही काही कमीपणा नाही, आणि तो खरा आहे. आत्याच्या प्रश्नाचं उत्तर मात्र अजून द्यायचंय.