वंशाचा रकाना

आमच्या धर्मग्रामातील एक वयोवृद्ध गृहस्थ रविवारच्या मिस्सानंतर सहसा रेंगाळत नाहीत. रेल्वेत हयात घालवलेला हा माणूस, वेळेचा पक्का. गेल्या पावसाळ्यात मात्र ते मिटलेली छत्री हातात घेऊन आमची वाट पाहात दारात उभे होते. त्यांची सून परिचारिका. वीस वर्षांपूर्वी ती नोकरीनिमित्त इंग्लंडला गेली, पाठोपाठ मुलगा आणि नातू गेले. तो नातू आता तेथील नागरिक असून त्याला पोलीस दलात जायचे आहे. अर्जासोबतच्या पत्रकात 'वंश कोणता' असा एक रकाना होता, आणि वांशिक अल्पसंख्य उमेदवारांसाठी दलाने चालविलेल्या पूर्वतयारी वर्गाचे निमंत्रणही होते. नातवाने दूरध्वनीवरून विचारले, "आजोबा, मी जाऊ का?" आजोबांनी तो प्रश्न आमच्या पदरात टाकला. "फादर, उभ्या जन्मात मी कोणाची चिठ्ठी घेऊन साहेबाच्या दारात गेलो नाही. पोराला कातडीच्या रंगावर नोकरी मिळाली, असे कोणी म्हटले तर?"

त्या दिवशी आम्ही उत्तर दिले नाही. काही प्रश्न असे असतात की, ज्यांचे चटकन दिलेले उत्तर हे बहुधा आपल्या सोयीचे असते.

या बाबतीत ब्रिटनमधील कायदा आपल्यापेक्षा वेगळ्या वाटेने गेला आहे. आपल्या राज्यघटनेच्या कलम 16(4) ने मागास वर्गांसाठी जागा राखून ठेवण्याचा अधिकार शासनाला दिला. (त्या छत्राखाली कोण आणि कोण नाही, हा प्रश्न आपल्या दलित ख्रिस्ती बांधवांना विचारावा. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी केवळ हिंदूंपुरती ठेवली, 1956 साली तीत शीख आले, 1990 साली बौद्ध आले. ख्रिस्ती दलित अजून दाराबाहेर उभे आहेत.) ब्रिटनमध्ये वंशासाठी जागा राखणे हेच मुळी बेकायदेशीर. 1976 च्या वंशसंबंध कायद्याने एवढीच मुभा दिली की, ज्या कामात एखाद्या वंशाची माणसे फार थोडी आहेत तेथे त्यांना प्रशिक्षण द्यावे, अर्ज करण्यास उत्तेजन द्यावे. निवडीच्या क्षणी मात्र वंशाकडे पाहू नये. 2010 च्या समानता कायद्याने ही मुभा किंचित रुंदावली. त्याचे कलम 158 हे असे वर्ग, मार्गदर्शन, जाहिराती यांना मान्यता देते. कलम 159 एप्रिल 2011 पासून अमलात आले, आणि तेच अधिक नाजूक आहे. दोन उमेदवार पात्रतेने तुल्य असतील, तर त्यांतील अल्पसंख्य उमेदवाराला पसंती देता येते. पण तसे सरसकट धोरण ठेवता येत नाही, आणि पसंती हेतूच्या प्रमाणातच असावी लागते.

हा खटाटोप कशासाठी, हे विसरून चालणार नाही. 22 एप्रिल 1993 रोजी आग्नेय लंडनमधील एका बसथांब्यावर स्टीफन लॉरेन्स या अठरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची गोऱ्या तरुणांच्या टोळक्याने हत्या केली. पोलिसांचा तपास इतका ढिसाळ झाला की, फेब्रुवारी 1999 मध्ये सर विल्यम मॅकफर्सन यांच्या चौकशी अहवालाने लंडनच्या पोलीस दलात संस्थात्मक वंशवाद असल्याचा स्पष्ट निष्कर्ष काढला. ज्या दलात आपल्यासारखा चेहरा दिसत नाही त्या दलाकडे दुःख घेऊन जाण्यास माणसे कचरतात. आणि माणसे कचरतात म्हणून त्यांची मुले त्या दलात जात नाहीत.

तरीही 'तुल्य' हा शब्द आम्हांस अस्वस्थ करतो. दोन माणसे खरोखर तुल्य असतात काय? इंग्लंडमधील चेशायर पोलीस दलाने मुलाखत उत्तीर्ण झालेल्या सर्व 127 उमेदवारांना तुल्य ठरविले आणि मग त्यांतून अल्पसंख्यांना झुकते माप दिले. एका गोऱ्या तरुणाने दाद मागितली. 2019 साली श्रम न्यायाधिकरणाने त्याच्या बाजूने निर्णय दिला. उत्तीर्णतेची रेषा खाली ओढून सर्वांना सारखे म्हणणे हे तुल्यत्व नव्हे, असे त्याचे सार. पुढे शाही हवाई दलातही असेच घडले. तेथील भरतीप्रमुख असलेल्या महिला अधिकाऱ्याने, गोऱ्या पुरुषांना मागे ठेवण्याचा आदेश आपणांस बेकायदेशीर वाटतो म्हणून 2022 साली पद सोडले, आणि नंतरच्या चौकशीने तिचे म्हणणे खरे ठरविले. चांगल्या हेतूने काट्यावर अंगठा ठेवणारा वाणीही अंगठाच ठेवीत असतो, हे आम्ही मान्य करतो.

सेमिनरीत असताना संत थॉमस अक्विनास यांच्या 'सुम्मा'तील पक्षपातावरील प्रकरण आम्ही परीक्षेपुरते वाचले होते. या निमित्ताने ते पुन्हा उघडले. पक्षपात हे पाप ते वाटपाच्या न्यायाविरुद्धचे पाप मानतात. एखाद्याला त्याच्या ज्ञानामुळे अध्यापकपद दिले तर ते योग्य कारणासाठी दिले. तो अमुक पेत्र किंवा मार्टिन आहे म्हणून दिले तर तो पक्षपात. येथवर आमचे रेल्वेवाले गृहस्थही डोके हलवतील. परंतु संत थॉमस तेथे थांबत नाहीत. माणसाची एखादी अवस्था एका बाबतीत योग्य कारण असते आणि दुसऱ्या बाबतीत नसते, असे ते सांगतात. रक्ताचे नाते वडिलोपार्जित मालमत्तेला पात्र करते, ख्रिस्तसभेतील अधिकारपदाला करीत नाही. आणि त्याही पुढे जाऊन ते म्हणतात की, कमी विद्वान आणि कमी पवित्र माणूसदेखील क्वचित सर्वांच्या हितासाठी अधिक उपयोगी ठरू शकतो. म्हणजे प्रश्न वंश पाहावा की पाहू नये असा उरत नाही. या विशिष्ट कामासाठी, या विशिष्ट ठिकाणी, तो माणूस कोठून आला ही गोष्ट कामाच्या पात्रतेचाच भाग आहे काय, असा तो होतो. दगडी जिन्याचे माप घेणाऱ्या गवंड्याच्या बाबतीत नाही. मध्यरात्री घाबरलेल्या घराचे दार ठोठावणाऱ्या शिपायाच्या बाबतीत? आम्हांस वाटते, असू शकतो.

याचे सर्वांत धीट उदाहरण उत्तर आयर्लंडचे आहे, आणि तेथे अल्पसंख्य म्हणजे कॅथलिक. लोकसंख्येत चाळीस टक्क्यांहून अधिक असूनही तेथील जुन्या पोलीस दलात कॅथलिक सुमारे 8 टक्के होते. सप्टेंबर 1999 मध्ये, स्वतः कॅथलिक असलेल्या क्रिस पॅटन यांच्या आयोगाने उपाय सुचविला. आधी सर्वांची एकच परीक्षा, आणि उत्तीर्णांच्या यादीतून निम्मे कॅथलिक, निम्मे इतर. ब्रिटनमधील इतर कायदा जे निषिद्ध मानतो तेच येथे 2000 च्या खास कायद्याने वैध ठरले, युरोपीय संघाने आपल्या निर्देशात त्यापुरता अपवाद केला, आणि मार्च 2011 मध्ये ही तरतूद संपविण्यात आली तेव्हा कॅथलिक सुमारे 30 टक्के झाले होते. त्या दहा वर्षांत किती प्रॉटेस्टंट तरुण केवळ ते प्रॉटेस्टंट होते म्हणून माघारी गेले असतील! त्यांच्यापैकी कोणीही कोणावर अन्याय केला नव्हता. आपल्या बाजूच्या लाभाची गोष्ट सांगताना हे वाक्य गाळण्याचा मोह आम्हांस झाला होता, हेही कबूल करतो.

आणि तो लाभ कसला होता, हेही पाहावे. योजना संपल्यानंतर काही दिवसांतच, 2 एप्रिल 2011 रोजी, ओमा या गावी पंचवीस वर्षांचा एक कॅथलिक शिपाई आपल्या मोटारीखालच्या बॉम्बने ठार झाला. पोलिसांत जाणारा कॅथलिक गद्दार, असे मानणाऱ्यांनीच तो लावला होता. त्याच्या शवपेटीला पोलिसांनी खांदा दिला आणि आयरिश खेळांच्या संघटनेच्या लोकांनीही दिला. या संघटनेने 2001 पर्यंत पोलिसांना सभासदत्वही दिलेले नव्हते.

'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथातील सहावा अध्याय आम्ही कित्येक वेळा वाचून दाखविला आहे, पण त्यातील एक गोष्ट आमच्या ध्यानात फार उशिरा आली. ग्रीक भाषा बोलणाऱ्यांच्या विधवा रोजच्या वाटपात डावलल्या जात होत्या. तक्रार आली तेव्हा बारा प्रेषितांनी सात जण निवडावयास सांगितले, आणि अटी गुणांच्याच घातल्या: लौकिक चांगला हवा, आत्म्याची आणि शहाणपणाची पूर्णता हवी. निवडलेल्यांची नावे मात्र स्तेफनपासून निकलावपर्यंत सातही ग्रीक आहेत. ज्यांच्यावर अन्याय होत होता त्यांच्याच हाती वाटपाचे भांडे दिले गेले. एकाही हिब्रू भाषकाने दाद मागितल्याचा उल्लेख नाही.

आमच्या बाबतीत एवढे सुरळीत झाले नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी डोंगराकडच्या पाड्यांवर आम्ही बालवाडी चालवीत असू. शिक्षिकेच्या जागेसाठी दोघी आल्या. एक आमच्याच धर्मग्रामातील, शिकलेली, दोन वर्षांचा अनुभव असलेली. दुसरी पाड्यावरची वारली मुलगी, कशीबशी दहावी झालेली. आम्ही दुसरीला घेतले. मुले वारली बोलतात, म्हणून भाषा हीच पात्रता, असे कारण आम्ही दिले. आणि ते खरे होते. परंतु ती मुलगी वारली बोलत नसती तरी आम्ही तिलाच घेतले असते काय? आज प्रामाणिकपणे सांगायचे तर, बहुधा घेतले असते. पाड्यावरच्या एका तरी मुलीच्या हाती पगार पडावा, असे मनातून वाटत होते. म्हणजे जाहीर कारण योग्य होते आणि अंतरीचे कारण वेगळे होते. इंग्लंडच्या कायद्यापुढे आमचा तो निर्णय भाषेच्या आधारे कदाचित टिकला असता. नाकारलेल्या मुलीपुढे टिकला नाही. तिच्या घरची स्थितीही बेताचीच होती, हे आम्हांस नंतर समजले. ती मिस्साला येत असे, मात्र कित्येक वर्षे आमच्याशी बोलली नाही. पाड्यावरचा निर्णय चुकला असे आम्हांस आजही वाटत नाही. पण तिला बोलावून, "हा भार तुझ्यावर टाकला आहे आणि तो तुझ्या दोषासाठी नव्हे," एवढे सांगण्याचे धैर्य तेव्हा आमच्यात नव्हते. ते सांगितले असते तर ते तिचे देणे तरी फिटले असते.

पंधरा दिवसांनी आम्ही रेल्वेवाल्या गृहस्थांच्या घरी गेलो. त्यांना सांगितले की, वर्गाला जाण्यात कमीपणा नाही. तेथे परीक्षेची ओळख होते, गुण वाटले जात नाहीत. वंशाच्या रकान्यातील माहिती ही दलात कोण किती हे मोजण्यासाठी असते. ती भरणे ऐच्छिक आहे, पण भरलीच तर खरी भरावी. आणि पुढे निवडीत कोणाशी बरोबरी होऊन त्याला पसंती मिळाली, तर मागे राहिलेला तो दुसरा मुलगा कोणी तरी होता, याचा त्याने विसर पडू देऊ नये.

त्यांनी सारे ऐकून घेतले. "त्याला हिंदी येते," ते म्हणाले, "मराठी तर मीच शिकवली. तिकडे आपल्या बाजूची म्हातारी माणसे पुष्कळ आहेत म्हणे, इंग्रजी न येणारी." मग सुनेचा क्रमांक त्यांनी वहीत शोधला, चष्मा सापडेना म्हणून वही आमच्या हाती दिली, आणि आम्ही तो फिरवून दिला.