कच्चे म्हणजे फुटके नव्हे

सज्जनहो, दुसऱ्याचा दोष सांगायला हा लेख लिहायला घेतलेला नाही. सांगायचा दोष आहे तो माझाच.

वैशाखाचे दिवस होते. आमच्या गावी उन्हाळ्यात नळाला एक दिवसाआड पाणी येते, तेही भल्या पहाटे. त्या दिवशी घरच्या माणसांनी उठून पाणी भरले, माठ काठोकाठ झाला, आणि मी स्नान करून नित्यपाठाला बसलो. तेवढ्यात लहान नातू तांब्या घेऊन माठाशी गेला. कसा कोण जाणे, तिवईला धक्का लागला, माठ खाली आला आणि सगळे पाणी घरभर झाले. मुखात देवाचे नाव होते. ते तसेच टाकून मी उठलो आणि त्या पोराला नको नको ते बोललो. पोर रडत आईच्या मागे दडले. सूनबाई एक अक्षर न बोलता खाली बसून पाणी पुसू लागली. मी पुन्हा येऊन आसनावर बसलो खरा, पण पाठ काही पुढे सरकेना.

राग तर घटकाभरात उतरला. पण तो उतरताच मनाने दुसरेच काढले. मन म्हणाले, "गळ्यात माळ घालून पंचवीस वर्षे झाली. इतक्या वाऱ्या केल्या, इतकी कीर्तने ऐकली. अन् एका माठापायी तोंडाचा ताबा गेला! हे आपल्याच्याने व्हायचे नाही. उगाच सोंग कशाला?" त्या संध्याकाळी मी देवळात हरिपाठाला गेलो नाही. दुसऱ्या दिवशीही गेलो नाही. टाळकऱ्यांनी विचारले तर अंगात कसर आहे म्हणून सांगितले. म्हणजे रागाच्या जोडीला खोटेही आले.

वाचकहो, या ठिकाणी थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. चिडणे ही एक गोष्ट झाली. चिडल्यावर "मी असाच, माझ्यात बदल होणे नाही" असा निवाडा देणे ही दुसरी. आपण या दोन्ही एकच समजतो. पहिलीने एक सकाळ नासली, दुसरीने माझी संगत तोडली. प्रपंचात चिडण्याचे प्रसंग रोजचेच आहेत. विहिरीवर मोटार लावावी तर वीज जाते, कचेरीत गेले तर साहेब उद्या या म्हणतात, एस. टी. हात दाखवूनही थांबत नाही, कुणाचा भाऊ बांध कोरतो, कुणाची जाऊ टोचून बोलते. त्या प्रसंगांनी माणूस थकतो, पण मोडत नाही. मोडतो तो आपणच आपल्यावर मारलेल्या शिक्क्याने.

माठ फुटला म्हणून तिसऱ्या दिवशी नवा आणायला मी कुंभारवाड्यात गेलो. कुंभारदादा माझ्याच वयाचे. सावलीत कच्ची मडकी वाळत ठेवलेली. त्यांतल्या एकाला सुकताना तडा गेला होता. दादांनी ते उचलले, हाताने मोडले आणि भिजत घातलेल्या मातीच्या ढिगात टाकून दिले. मी म्हटले, "दादा, मेहनत वाया गेली की!"

ते हसले. म्हणाले, "वाया कशानं जाईल, बुवा? कच्चं हाय ते. भिजंल, मळू, पुन्हा चाकावर घेऊ. भाजल्यावर फुटलं म्हंजी मग खापर. त्याला इलाज नाय."

नवा माठ खांद्यावर घेऊन घरी येईपर्यंत हे बोलणे डोक्यातून गेले नाही. आणि मग तेरच्या गोरोबाकाकांची कथा आठवली. ही कथा आपण शेकडो वेळा ऐकलेली, पण त्या दिवशी ती मला नव्याने कळली.

कथा आपणा सर्वांना ठाऊकच आहे. संतमंडळी गोरोबाकाकांच्या घरी जमली होती. मुक्ताबाईंनी थापटण्याकडे बोट दाखवून हे काय म्हणून विचारले. काका म्हणाले, याने मडके पक्के की कच्चे ते कळते. मग इथली मडकी पाहा की, असे मुक्ताबाईंनी म्हणताच काका थापटणे घेऊन उठले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटू लागले. बाकीचे शांत बसले. नामदेवांना मात्र ते सोसले नाही, ते रागावले. काकांनी निर्णय दिला: हे मडके कच्चे. सारी मंडळी हसली, आणि ज्यांच्याशी साक्षात पांडुरंग बोलत असे ते नामदेव अपमानाने पोळून पंढरीस निघून आले.

आता बारकाईने पाहा. काकांनी "फुटके" असे म्हटले नाही, "कच्चे" म्हटले. कुंभाराच्या तोंडी या दोन शब्दांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. फुटके म्हणजे संपलेले. कच्चे म्हणजे अजून आव्यात जायचे आहे ते. ज्याने आयुष्यभर माती हाताळली त्याने तोलून वापरलेला हा शब्द आहे. त्यात दोष दाखवला आहे, पण आशा काढून घेतलेली नाही.

नामदेवांनी पुढे काय केले? ते चिडले, रडले, देवापाशी गाऱ्हाणे घेऊन गेले. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. दुखले तर माणसाने देवापाशी नाही तर कुठे जावे? पण देवाने त्यांची समजूत घालून सोडून दिले नाही. गुरू कर, असे सांगितले. आणि नामदेव औंढा नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले. तिथे विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेवांनी हटकले, तेव्हा ते म्हणाले, जिथे पिंडी नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेव जिकडे पाय नेत तिकडे पिंडी! देव पंढरीच्या गाभाऱ्यापुरता नाही हे तिथे त्यांना उमगले. हेच नामदेव पुढे कीर्तनाचा झेंडा घेऊन उत्तरेत पंजाबपर्यंत गेले. तिथे घुमान येथे त्यांचे स्थान आहे, आणि शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची एकसष्ट पदे आजही भक्तिभावाने गायिली जातात. तेरच्या त्या बैठकीनंतर नामदेव जर म्हणाले असते, "मी कच्चा ठरलो, आता माझ्याच्याने होणे नाही," तर?

यावर कोणी विचारील की बुवा, संतांनी तर स्वतःला पतित, हीन, अज्ञानी म्हणवून घेतले आहे. मग आम्ही म्हटले तर दोष का? शंका रास्त आहे. उत्तर असे की शब्द तेच असले तरी तोंड कोणीकडे आहे ते पाहावे. संत स्वतःला हीन म्हणतात ते देवाकडे तोंड करून, पदर पसरून, आणखी जवळ येण्यासाठी. आपण म्हणतो ते देवाकडे पाठ करून, उठून जाण्यासाठी. तुकोबारायांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, त्या वेळी त्यांच्या मनाची काय दशा झाली असेल! परंतु परंपरा सांगते की ते तेरा दिवस अन्नपाण्यावाचून देवाच्या दारी बसून राहिले. ती व्याकुळता होती, पण उठून जाणे नव्हते. "माझ्याच्याने होणार नाही" हे वाक्य वरून नम्र दिसते. आत शिरून पाहिले तर त्यात मोठा अहंकार आहे. उद्याचे मला आजच कळले, देवालाही माझ्यात काही करता येणार नाही, असा तो दावा आहे. नम्र माणूस एवढेच म्हणेल की आज चुकलो. उद्याचा निवाडा तो आपल्या हाती घेणार नाही.

गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाने हेच गाऱ्हाणे मांडले आहे. मन वाऱ्यासारखे, ते आवरणार कसे? भगवंतांनी त्याला "छे, सोपे आहे" असे सांगितले नाही. मन आवरणे कठीण, यात संशय नाही, हे त्यांनी आधी मान्य केले, आणि मग अभ्यास व वैराग्य हा उपाय सांगितला. कठीण आणि अशक्य हे दोन वेगळे शब्द आहेत. कच्चे आणि फुटके यांतले अंतर तेच.

मात्र एक गोष्ट स्पष्ट बोललीच पाहिजे. सगळीच तगमग आपल्या मनाच्या कच्चेपणातून येते असे नाही. कित्येकदा खरोखर अन्याय होत असतो. चोखोबारायांना महाद्वाराच्या आत येऊ दिले नाही, तो दोष त्यांच्या मनाचा नव्हता, दार अडवणाऱ्यांचा होता. ते दार हरिजन बांधवांना उघडावे म्हणून मे १९४७ मध्ये साने गुरुजींना पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करावे लागले. तेव्हा घरात मार खाणाऱ्या बाईला किंवा मजुरी बुडालेल्या गड्याला "शांत राहा, नाम घ्या" एवढेच सांगणे हा परमार्थ नव्हे. तिथे उठून उभे राहावे, चार माणसांना बरोबर घ्यावे आणि दाद मागावी. सोसण्याचा उपदेश स्वतःला करावा. दुसऱ्याला करण्याआधी त्याच्या पाठीवरचे वळ पाहावेत.

राहिली रोजची चिडचिड. तिला मी काय करू लागलो ते सांगतो. कुणाच्या उपयोगी पडले तर पडेल.

पहिले, राग आला की उत्तर देण्याआधी एकदा "विठ्ठल" म्हणायचे. राग गिळण्यासाठी नव्हे, तर जिभेला श्वासभर उशीर व्हावा म्हणून. दहा वेळांत चार वेळा साधते, सहा वेळा राहून जाते. पूर्वी एकदाही साधत नव्हते.

दुसरे, चुकले तर ज्याच्याशी चुकले त्याच्यापाशीच जायचे. देवापुढे नाक घासून नातवाचे दुःख जात नाही.

तिसरे, नेम लहान ठेवायचा आणि चुकला तरी सोडायचा नाही. वारीत पहा. पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट समोर आला की पाय म्हणतात, बस्स झाले. तेव्हा कोणी पंढरी किती दूर म्हणून मोजत बसत नाही. पुढच्या विसाव्यापर्यंत चालतो. तिथे बसतो, पाणी पितो, पुन्हा उठतो. असे करता करता वाखरी येते.

चौथे, मन आपल्याला शिक्का मारू लागले की एकटे राहायचे नाही. लोकांच्या बोलण्याने उद्विग्न होऊन ज्ञानोबा माउलींनीही एकदा झोपडीची ताटी लावून घेतली होती, आणि ती उघडायला धाकट्या मुक्ताईला दाराशी उभे राहून विनवावे लागले. माउलींचे हे, तिथे आपली काय कथा? आपणही ताटी आतून लावतो. ती उघडायला बाहेरून कुणाचा तरी शब्द लागतो. म्हणून ज्या दिवशी देवळात जाऊ नये असे वाटेल, त्याच दिवशी आवर्जून जावे.

नवा माठ घेऊन मी घरी आलो तेव्हा नातू दाराआड उभा होता. मी म्हटले, "ये बाळा, माझं चुकलं. तिवई धर, आपण दोघं मिळून माठ बसवू." त्याने धरली. हात थरथरत होते, त्याचेही आणि माझेही. माठ नीट बसला. त्याच संध्याकाळी हरिपाठाला गेलो. टाळकऱ्यांना खरे काय ते सांगितले. कोणी हसले नाही; एक म्हातारे बाबा इतकेच म्हणाले, "उभा राहा, सुरू झालंय."

सज्जनहो, आपण सारे त्या कुंभाराच्या अंगणात वाळत ठेवलेली मडकी आहोत. थापटणे रोज पडणार, आवाज रोज उमटणार. कधी बद्द वाजला तर खचून जाऊ नये. घडवणारा अजून अंगणात आहे आणि माती ओली आहे.

रामकृष्ण हरि.