संदर्भसंख्या आणि ऋषिऋण

वैद्यकीय संशोधकाची कारकीर्द आज प्रामुख्याने दोन आकड्यांवरून जोखली जाते: त्याचे शोधनिबंध किती आणि इतरांनी त्यांचे संदर्भ, म्हणजे सायटेशन, किती वेळा दिले. नेमणूक, बढती आणि अनुदान ठरवताना हेच आकडे समोर ठेवले जातात. संदर्भ देणे ही मात्र मुळात नीतीची कृती आहे. माणूस जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो, असे वैदिक परंपरा मानते. त्यांतले ऋषिऋण अध्ययनाने फिटते. पूर्वसूरींचे नाव निबंधात नोंदवणारा संशोधक या ऋणाचीच कबुली देत असतो. देणाऱ्याकडून ती कृतज्ञता असते. तीच घेणाऱ्याच्या खात्यावर जमा करून मोजू लागले की तिची मिळकत होते. मूल्यमापनातला सारा तात्त्विक पेच या पालटात आहे.

हा पालट कोणी ठरवून घडवला नाही. यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये संदर्भसूचीची कल्पना मांडली, ती एखाद्या विचाराचा पुढचा माग काढता यावा आणि सदोष निबंधावर झालेली टीका वाचकाच्या नजरेतून सुटू नये म्हणून. २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी एच-इंडेक्स सुचवला. एखाद्याच्या २० निबंधांना प्रत्येकी किमान २० संदर्भ मिळाले, पण २१ निबंधांना प्रत्येकी २१ मिळाले नाहीत, तर त्याचा निर्देशांक २०.

कोलकात्याचे शंभुनाथ डे यांच्या बाबतीत या मापाच्या मर्यादा स्पष्ट दिसतात. पटकीचे जंतू विष निर्माण करत असावेत, असा रॉबर्ट कॉख यांचा १८८४ पासूनचा तर्क होता. डे यांनी जंतू गाळून काढलेला द्रव सशाच्या बांधलेल्या आतड्यात सोडला, आतड्यात पाणी साठले, आणि विषाचे अस्तित्व सिद्ध झाले. हा निबंध १९५९ मध्ये ‘नेचर’मध्ये आला, पण त्याचे मोल ओळखायला जगाला बराच काळ लागला. मायदेशात डे यांना हयातीत मोठा सन्मान मिळाला नाही. १९८५ मध्ये ते वारले. पुढच्या वर्षी त्यांच्या कामाच्या प्रभावावर सविस्तर लिहिले ते खुद्द गारफील्ड यांनीच. निबंधात सत्य पहिल्या दिवसापासून होते. संदर्भांनी त्यात काही भर घातली नाही.

कर्म, त्याचे फळ आणि त्याची दखल या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून पटकीचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आणले. हे फळ. ज्यांची लेकरे त्या पाण्याने वाचली, त्या आया शोधनिबंध लिहीत नाहीत. त्यामुळे वैद्यकातले सर्वांत मोठे फळ संदर्भांच्या गणनेत कधी येतच नाही. उलट गोवराच्या लशीचा संबंध ऑटिझमशी सुचवणारा १९९८ चा ‘लॅन्सेट’मधला निबंध २०१० मध्ये मागे घेतला गेला, तरी त्याच्या नावावर भरघोस संदर्भ आहेत, त्यांतले पुष्कळ त्याचे खंडन करणाऱ्यांचे. खंडन आणि ऋणनिर्देश यांना बेरीज सारखेच धरते.

कर्तृत्वाचा प्रश्न याहून खोल आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना प्रयत्न आणि दैव. केवळ स्वतःला कर्ता समजणाऱ्याची समज तिथे अपुरी ठरवली आहे. रुग्णालयातल्या संशोधनाला हे तंतोतंत लागू पडते. रुग्णाने दिलेली संमती, परिचारिकेने रात्री केलेल्या नोंदी, प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाचा हात आणि साथ नेमकी त्याच वर्षी येणे यांवाचून निबंध होत नाही. निर्देशांक मात्र एका नावाला चिकटतो.

यावरचा आक्षेप वजनदार आहे. आकडे नसतील तर वशिला आणि ज्येष्ठांची मर्जी यांचेच राज्य येईल. अनोळखी गावातल्या गुणी संशोधकाला निदान आकडा तरी दारापर्यंत नेतो. ही बाजू खरी आहे, म्हणूनच गणना सरसकट टाकून देणे अन्यायाचे ठरेल. पण आकडाच ध्येय झाला की एका अभ्यासाचे चार निबंध होतात आणि मित्र एकमेकांचे संदर्भ वाढवत राहतात. २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने, जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून, म्हणजे त्यातल्या निबंधांना मिळणाऱ्या सरासरी संदर्भांवरून, संशोधकाची पात्रता ठरवू नये, आशय पाहावा, असा आग्रह धरला. तो पाळायचा तर निवड समितीला उमेदवाराचे दोन-तीन निबंध प्रत्यक्ष वाचावे लागतात, रुग्ण कसे निवडले ते तपासावे लागते आणि आपले मत नावानिशी नोंदवावे लागते.