निघण्यापूर्वीची शिदोरी

शास्त्रपाठ : यिर्मया ८:७

पक्ष्यांस आपली जाण्यायेण्याची वेळ कळते, पण देवाच्या लोकांस त्याचा न्याय कळत नाही, अशी खंत यिर्मया संदेष्ट्याने केली आहे. हे वचन वाचिताना आम्हांस उत्पन्नकर्त्याचे दोन प्राणी आठवतात.

अलास्काच्या चिखलाळ किनाऱ्यावरील पट्टेरी शेपटीचा पाणटिवळा हा कोंबडीहून हलका पक्षी. सन २०२२ च्या ऑक्टोबरात त्या जातीचे सुमारे पाच महिन्यांचे एक पिलू ११ दिवस अखंड उडत, १३,५६० किलोमीटर ओलांडून टास्मानियास पोहोचले. वाटेत सर्वत्र समुद्र. दाणा नाही, विसावा नाही. मग ते जगले कशावर? निघण्यापूर्वी किडे व शिंपले खाऊन अंगी साठविलेल्या चरबीवर. शिवाय हे पक्षी उड्डाणापूर्वी आपले जठर व आतडी आक्रसून घेतात. वाटेत जे उपयोगी नाही त्याचे ओझे कशास?

दुसरा प्राणी क्यूव्हिएचा चोचदार देवमासा. देवमाशांत तो लहानच, वीस फुटांच्या आसपास. तरी सुमारे ३ किलोमीटर खोल बुडी मारितो. त्याच्या २२२ मिनिटांच्या एका बुडीची नोंद सन २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. एवढा वेळ पुरेल असा श्वास तो छातीत भरून नेत नाही. खोल पाण्याच्या दाबाने फुप्फुसे चेपून जातात. त्याचा प्राणवायू रक्तात व स्नायूंत आधीच मुरलेला असतो.

एक आभाळातून जातो, दुसरा अंधारात उतरतो. परंतु दोघांसही तेवढेच पुरते, जे निघण्यापूर्वी त्यांच्या देहाचे झाले आहे.

आता दसरा सरला की आपल्यांतील कित्येक कुटुंबे ऊसतोडीस निघतील. फडावर रविवारची घंटा नाही, पाळक नाही. पहाटे मुकादमाची हाक मात्र आहे. पेटीत शुभवर्तमान बांधून घेतले म्हणजे झाले, असे कोणी समजू नये. ज्यास अक्षरओळख नाही त्यास ते तेथे कोण वाचून दाखविणार? यास्तव उपदेशक बंधूंनो, प्रभूची प्रार्थना व २३ वे स्तोत्र ह्या लोकांकडून आताच तोंडपाठ करून घ्या. दोन घरांत तंटा असेल तर तो गाडी भरण्यापूर्वी मिटवा. राग घेऊन शेजारशेजारच्या कोप्यांत सहा महिने काढणे फार जड जाते. आणि पाठांतराचा वर्ग गावी राहणाऱ्या एखाद्या आजीबाईंकडे सोपवा. त्यांचे पाठांतर बहुधा आम्हां पाळकांहून पक्के असते.