सोमवारचं काय?

“शनिवार आनंददायी, म्हणजे बाकीचे पाच दिवस कसले, तेही शासनाने एकदा जाहीर करून टाकावं!” एका परिसंवादात एका निवृत्त शिक्षणाधिकाऱ्यांनी हे वाक्य टाकलं आणि सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. नोकरीत असताना साहेबांना विनोद सुचल्याचं कुणाला आठवत नाही. परिपत्रकं मात्र सुचत, आणि त्यातली बरीचशी उपक्रमांचीच असत. असो. टाळ्या ओसरल्यावर त्यांनी जे मांडलं ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाचे अहवाल 2005 पासून ओरडून सांगताहेत की पाचवीतल्या कितीतरी मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही. आणि शाळा काय करताहेत? वृक्षदिंडी, बालबाजार, परसबाग, हस्ताक्षर सप्ताह. हे सगळं पाच वर्षं बंद ठेवा. वाचन, लेखन, गणित. बाकीचं नंतर बघू.

मला उपक्रमांची बाजू मांडायला बोलावलं होतं. वक्ते जास्त आणि चहाची वेळ झालेली, म्हणून मला जेमतेम दोन-तीन मिनिटं मिळाली. संपादकांनी इथे पानं दिली आहेत, तेव्हा उरलेला हिशेब इथे.

साहेबांच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा त्यांनी स्वतः दिलाच नाही. तो मी देतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन सांगितलं आहे. म्हणजे दिवसाला चार तास. त्याच परिशिष्टात साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. आता चौथीपर्यंतची द्विशिक्षकी शाळा डोळ्यांसमोर आणा. चार वर्ग, दोन शिक्षक. म्हणजे एका वर्गाच्या वाट्याला शिक्षकाचे जेमतेम दोन तास. त्यातले एक गुरुजी केंद्राच्या बैठकीला गेले की चारही वर्ग बाईंच्या गळ्यात. आणि या दोन तासांतूनच जयंत्या, प्रभातफेऱ्या, शपथा, ‘आजच्या आज लिंक भरा’ हे सगळं वजा व्हायचं. अशा शाळेत शनिवारी आनंद साजरा करायचा आहे. 2024 मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम आला, तेव्हा आनंदाच्या त्या यादीत रस्ता सुरक्षा आणि आपत्ती व्यवस्थापनही होतं. यादी करणाऱ्याला विनोदबुद्धी नसावी. असली तर फारच वरच्या दर्जाची असावी.

तरीही साहेबांचं ‘आधी’ आणि ‘नंतर’ मला मान्य नाही. आधी वाचन, मग वाचण्यासारखं काहीतरी, हा क्रम मुलं पाळत नाहीत. गिजुभाई बधेकांच्या ‘दिवास्वप्न’मधला शिक्षक पहिल्या दिवशी मोठ्या हौसेने शांततेचा खेळ घ्यायला जातो आणि वर्गात असा गोंधळ उडतो की मुलांना सोडून द्यावं लागतं. मग तो गोष्टींकडे वळतो, आणि गोष्टींच्या ओढीनेच मुलं पुस्तकांपर्यंत येतात. शिक्षणशास्त्राच्या पदविकेत हे पुस्तक नेमलेलं असतं. त्यावर टिपण लिहून पास झालेली मंडळीच पुढे ‘गोष्टीचा तास, वेळ 20 मिनिटे’ असं वेळापत्रक करतात.

पण माझी खरी साक्षीदार गिजुभाईंची सहकारी. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाईंच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात होत्या, 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला त्यातही होत्या. शहरी, सुखवस्तू मुलांच्या माँटेसरी वर्गांवर त्यांचं आयुष्य सन्मानाने गेलं असतं. 1945 मध्ये, वयाची पन्नाशी उलटल्यावर, त्या खेड्यातल्या मुलांसाठी बोर्डीला आल्या. पुण्यातली शिक्षिकेची नोकरी सोडून अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरीची परदेशी साधनं इथे परवडणारी नव्हती आणि लागणारीही नव्हती. शिंपले, खडे, बिया, पानं हीच साधनं झाली. मुलं शाळेत येत नव्हती, तर शाळा पाड्यावरच्या अंगणात गेली. मोठी मुलं गुरं राखायला जात, तर शाळा त्यांच्या मागोमाग कुरणात गेली. तिचं नाव कुरणशाळा. लहान भावंडाला कडेवर घेऊन बसणाऱ्या मुलीला ‘भाऊ घरी ठेवून ये’ असं सांगून भागत नाही, कारण घरी कुणीच नसतं. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आली.

कोसबाडवर भाषणं करणारे इथे ताराबाईंच्या त्यागावर गहिवरतात आणि मुद्दा निसटतो. मला त्यागापेक्षा त्यांची दिनचर्या मोठी वाटते. मुलांना आंघोळ घालणं, नखं कापणं, केस विंचरणं, अंगण झाडणं, मग गाणं, मग मोजणं. यातला उपक्रम कोणता आणि अभ्यास कोणता? कुरणात बसून गुरं मोजणारा मुलगा गणित करतो आहे की परिसर अभ्यास, हे ठरवायला तिथे रकाना नव्हता. साहेबांचा आणि माझा वाद कोसबाडच्या टेकडीवर उभाच राहू शकला नसता. आधी काहीतरी तुटावं लागतं, मग त्याचा एक तुकडा ‘अभ्यास’ होतो आणि दुसरा ‘उपक्रम’.

हे तोडणं आपल्याकडे फार निष्ठेने झालेलं आहे. 1937 च्या वर्धा परिषदेत हस्तोद्योगाभोवती सगळं शिक्षण गुंफायची कल्पना पुढे आली. कित्येक शाळांत तिचा टकळीचा तास झाला. मग कार्यानुभव आला, त्याचाही तास झाला. मग समाजोपयोगी उत्पादक कार्य. बाहेरून आलेली प्रत्येक जिवंत गोष्ट वेळापत्रकाच्या एका चौकोनात बसवायची आणि बाकीचे चौकोन होते तसेच ठेवायचे, ही आमच्या शिक्षणव्यवस्थेची अंगभूत कला आहे.

इथवर मी साहेबांच्या विरोधात होतो. आता माझ्याच गोटाकडे वळतो.

उपक्रमवाल्या मंडळींचा अतिशय लाडका उपक्रम म्हणजे बालबाजार. कुठे त्याला बाल आनंद मेळावा म्हणतात. शाळेच्या पटांगणात पताका लागतात. मुलं मेथीच्या जुड्या, लिंबं, वडापाव, पाणीपुरी घेऊन बसतात. वडे अर्थातच आयांनी पहाटे उठून तळलेले असतात. सरपंच फीत कापतात, केंद्रप्रमुख भेळ खातात आणि पैसे द्यायला विसरतात. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या पानावर बातमी येते: विद्यार्थ्यांना मिळाले व्यवहारज्ञान.

मिळालं? ज्या गावात आठवडी बाजार भरतो, तिथल्या मुलाला भाजीचा व्यवहार शाळेने शिकवायचा म्हणजे कमाल आहे. त्याला तो येतोच. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ नि फळं विकणाऱ्या मुलांचा अभ्यास 1985 मध्ये प्रसिद्ध झाला. गाडीवरच्या व्यवहारात त्यांची 98 टक्के उत्तरं बरोबर. तीच गणितं कागदावर, नुसत्या आकड्यांत दिली, तर जेमतेम 37 टक्के. आपल्याकडे कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांवर अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी असंच काम केलं. ते 2025 मध्ये ‘नेचर’मध्ये आलं. बाजारात काम करणारी मुलं तोंडी हिशेब झटक्यात करतात आणि शाळेच्या पद्धतीची उदाहरणं आली की अडतात. शाळेत जाणाऱ्या, बाजारात न बसणाऱ्या मुलांचं नेमकं उलटं. दोन्हीकडे गणित आहे. मधे पूल नाही.

हा पूल बांधणं एवढं एकच काम शाळा करू शकते, दुसरं कुणी नाही. आणि बालबाजार तेच करत नाही. शनिवारी बाजार होतो, सोमवारी गुरुजी पान 42 काढायला सांगतात. शनिवारी पाच रुपयांना तीन लिंबं विकणाऱ्या मुलीने चौदा लिंबांचे पैसे कसे घेतले, उरलेल्या दोन लिंबांचं काय ठरवलं, गिऱ्हाइकाने घासाघीस केली तेव्हा तिने मनात कुठली आकडेमोड केली, हे सोमवारी फळ्यावर येत नाही. आलं असतं तर भागाकार, बाकी आणि अपूर्णांक तिथेच उभे होते. तेव्हा साहेबांचा वार चुकीच्या जागी बसला असला, तरी माणूस बरोबर निवडला होता. आम्ही उपक्रमवाले शनिवारच्या प्रेमात पडलो आणि सोमवार पाठ्यपुस्तकाला आंदण दिला.

याचं खापर शिक्षकांवर फोडणं सोपं आहे. ते मी फोडणार नाही, कारण उपक्रमाचा अहवाल मागणारा कागद सोमवार विचारतच नाही. तो विचारतो तारीख, सहभागी विद्यार्थी, मान्यवर, दोन फोटो. 2016 मध्ये तर मुलांबरोबर सेल्फी काढून पाठवायचा आदेश निघाला होता. शिक्षक चिडले, म्हणून तो बाजूला ठेवावा लागला. ज्या कामाची दाद फोटोने लागते, ते काम फोटोपुरतंच होतं. यात शिक्षकाचा आळस नाही, चोख व्यवहारज्ञान आहे.

शिवाय एक गोष्ट साहेबांना दिसत नाही, कारण ते कायम पत्र पाठवणाऱ्या बाजूला होते. एखाद्या बाईंना मुलांना घेऊन ओढ्यापर्यंत जायचं असतं. पत्र नसेल तर पालक विचारतात, ‘पोरं उन्हात का हिंडवता?’ विस्तार अधिकारी त्याच दिवशी येऊन शेरेबुकात लिहून जातात, ‘वर्ग रिकामा आढळला.’ हातात आनंददायी शनिवारचं पत्र असलं की त्या बिनधास्त निघतात. वाईट परिपत्रकाच्या आडोशाने चांगला शिक्षक काम करून घेतो, हे मी इतक्या शाळांत पाहिलं आहे की ‘शनिवार रद्द करा’ असं म्हणायला आता माझी जीभ वळत नाही. शनिवार राहू द्या.

मागणी करायची तर दुपारची करू. प्रत्येक सरकारी प्राथमिक शाळेत रोज एक उपक्रम होतो आणि त्याला कुणी उपक्रम म्हणत नाही: शालेय पोषण आहार. प्राथमिकच्या मुलामागे 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी, 5 ग्रॅम तेल. समजा पट 43, आज हजर 38. तांदूळ 3 किलो 800 ग्रॅम, डाळ 760 ग्रॅम, तेल 190. पोत्यात काल 31 किलो होते. गुरुवारपर्यंत पुरतील का? दुसरीच्या मुलाने हजेरी मोजावी, तिसरीच्याने गुणावं, चौथीच्याने किलो-ग्रॅमचं रूपांतर करून स्वयंपाकी मावशींना चिठ्ठी लिहावी, आणि मावशींनी ती वाचून ‘अरे, डाळ एवढी कशी?’ म्हणून परत पाठवावी. वाचन, लेखन, गणित. साहेबांचं सगळं त्यात आलं. आनंदही आला, कारण शेवटी खिचडी आहे. प्रत्यक्षात काय होतं? हा सगळा हिशेब मुख्याध्यापक एकटे, मान मोडून, नोंदवहीत आणि ॲपवर भरतात, आणि तेवढा वेळ शेजारच्या वर्गातली मुलं पाढे लिहीत बसतात.

परिसंवादानंतर चहा घेताना मी साहेबांना हे सांगितलं. ते म्हणाले, “तुम्ही मुलांना कारकून करताय.” मी म्हटलं, कारकून सध्या गुरुजी झालेत, त्याचं काय? साहेब हसले, आणि मग आवाज उतरवून, खाजगीत बोलावं तसं म्हणाले, “अहो, मुलं रोज मोजायला लागली तर पंचाईत होईल.”

तिथे पहिल्यांदा आम्हा दोघांचं एकमत झालं. चौथीतल्या मुलांनी रोजची हजेरी आणि रोजचे तांदूळ भिंतीवर मांडले, तर महिनाअखेरीस भिंतीवरचा आकडा आणि नोंदवहीतला आकडा कुणीतरी शेजारी शेजारी ठेवणारच. व्यवस्थापन समितीतला विरुद्ध पार्टीचा सदस्य तर नक्की ठेवील. बहुतेक शाळांत ते जुळतील. जिथे जुळणार नाहीत तिथे गावकीत बोभाटा होईल, पटावर नाव असलेली पण कधी न दिसणारी मुलं मोजली जातील, आणि आलेलं धान्य पोत्यावर लिहिलेल्या वजनाचं होतं का, असा प्रश्न वरच्या दिशेनेही जाईल. बालबाजारात लिंबं कितीला विकली, याने कुणाचंच काही अडत नाही. त्याचं पत्र दरवर्षी न चुकता येतं.